हातचा एक

डर्बीत, हातांच्या वॉर्डात, अठरा वर्षं काढली मी.
बँक हॉलिडेनंतरचा मंगळवार
आमच्याकडे आठवडी बाजारासारखा भरायचा.
कुणी अंगठा टॉवेलात गुंडाळून आणलेला,
कुणी करंगळी, गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशवीत;
पिशवीवर सवलतीचं पिवळं लेबल अजून तसंच.

वाक्य मात्र सगळ्यांचं एकच:
"सिस्टर, शेवटचाच तुकडा राहिला होता."

पहिल्या तुकड्याला बोट गेलेला माणूस
मी पाहिला नाही.
पहिल्या वेळी तो पात्याकडे बघतो.
शेवटच्या वेळी त्याला चहा दिसायला लागतो.

स्टॅन्ली ऑर्म सुतार होता, चाळीस वर्षांचा हात.
ड्रेसिंग बदलताना एकदा त्यानं विचारलं,
"जे बोट नाही त्याला खाज येते, सिस्टर.
ती मी कुठे खाजवू?"
मी पट्टी बांधत राहिले.
याचं उत्तर आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी निवृत्त, आणि आमचं मागचं दार फुगलंय.
एप्रिलपासून फरशीला घासतं,
उघडताना रेड्यासारखं हंबरतं.
शिरीष म्हणाले, माणूस बोलवू.
माणूस म्हणाला, तीन आठवडे, आणि एकशे चाळीस पौंड.
मग शेजारच्या क्लाइव्ह वेटनकडून मी करवत आणली,
गोल पात्याची, बॅटरीवरची,
नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढी जड.
तशीच, दोन्ही हातांनी धरायची.

बांगड्या काढल्या. मंगळसूत्र साखरेच्या डब्यात ठेवलं.
शिरीषनी पाहिलं, काही बोलले नाहीत.
बाह्या कोपराच्या वर. केस रुमालात.
चष्म्यावर गॉगल, कानांवर जाड कवच.
हातमोजे मात्र नाहीत:
फिरत्या पात्याला एक सुटा धागा पुरतो,
धाग्यामागून ते हात मागतं.

दार दोन घोड्यांवर आडवं टाकून
क्लॅम्पनी आवळलं.
पातं किती खाली सोडायचं ते ठरवण्याआधी
बॅटरी बाहेर. टेबलावर, डोळ्यांसमोर.
चापावर बोट नाही म्हणजे यंत्र बंद आहे,
हे ज्यांनी मानलं
त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.
आणि उभी राहिले थोडी बाजूला.
उसळून मागे आलंच, तर त्याची वाट मोकळी असावी,
वाटेत मी नसावी.

अति घाई, संकटात नेई.
लहानपणी घाटात एसटीच्या खिडकीतून वाचलेली पाटी
इतक्या वर्षांनी इथे, या पत्र्याच्या शेडमध्ये
समोर येऊन उभी राहिली.

भुसा उडत होता. ओल्या पाइनचा वास.
शेवटची चार बोटं राहिली होती,
लाकडाची म्हणते मी,
तेवढ्यात डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं.
कुंपणावरून क्लाइव्ह कप दाखवत होता.
मान वळायला निघालीच होती.
मान वळली की हात तिच्यामागे जातात,
विचारत नाहीत.

चाप सोडला.
पातं काही लगेच थांबत नाही.
निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं
उंबऱ्यात घुटमळतं,
आणि त्या घुटमळण्यातच वॉर्ड भरतो.
ते पुरतं थांबेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिले.
क्लाइव्हला वाटलं असेल, काय ही माजोरी बाई.
वाटू दे.

मग बॅटरी काढली. मग वळले.
चहा घेतला, बिस्किटं नको म्हटलं,
आणि परत येऊन
ती चार बोटं सुरुवातीपासून भीत भीत कापली.

देवरुखच्या शाळेत लोंढेबाई बेरीज शिकवायच्या.
फळ्यावर खडू आपटून म्हणायच्या,
"हातचा विसरलात की उत्तर चुकलंच म्हणून समजा."
डब्यातून मंगळसूत्र काढताना बोटांना साखर लागली.
चाटता चाटता मोजली.
दहा.

दार आता आवाज न करता मिटतं.
अर्ध्या इंचाची पट्टी उरली होती, ती टोमॅटोला आधार दिलीय.
करवत परत केली तेव्हा क्लाइव्ह म्हणाला,
"एवढ्याशा कामाला सबंध सकाळ?"
मी हात वर करून त्याला दाखवले.